दोघांची सेवा, एकीचा स्वयंपाक

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाईंचा फोन आला. त्या स्वतःहून फोन करत नसत. फोन सर करायचे, आणि बोलणं संपत आलं की मागून बाईंचा आवाज यायचा, "माझाही नमस्कार सांगा ताईंना." त्या दिवशी मात्र बाई म्हणाल्या, "ताई, सवड झाली की येऊन जा. मी नगरला परत जायचं म्हणतेय. सरांना अजून बोलले नाही."

नगरहून गोव्यात चर्चच्या सेवेला आलेल्या या जोडप्याचं प्रकरण या फोनपासूनच मांडायला हवं, कारण तोवर कागदावर सगळं उत्तम चाललं होतं. महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत, खर्चाचा हिशेब रुपयाला रुपया जुळलेला, भेटलेल्या माणसांचा आकडा चढता. नगरच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, तो अहवाल रविवारच्या उपासनेनंतर वाचून दाखवत. अहवाल सर लिहायचे.

नावं देत नाही. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. दोघंही निवृत्त शिक्षक, म्हणून सर आणि बाई. मीही त्यांना तेच म्हणायची.

कोण, कुठून, कशाला

सर ६७ वर्षांचे, बाई ६४. सरांनी गणित-विज्ञान शिकवलं, बाईंनी पहिली ते चौथी. दोन्ही घरं तीन-चार पिढ्यांची ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, बाई बोलताना नगरच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.) अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये नगरला पोचलं. त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत ‘मिशन’ हा शब्द जागेचा आहे: मिशनची शाळा, मिशनचं बोर्डिंग, मिशनचा दवाखाना, मिशनचं कंपाउंड. माणूस मिशनमध्ये राहतो, मिशनमध्ये शिकतो. निवृत्तीनंतर बॅगा भरून ‘मिशनवर जायचं’, हा अर्थ त्यांच्याकडे नवा.

तो आला सरांच्या पुतण्याकडून. पुतण्या अमेरिकेत युटामध्ये नोकरीला. तिथल्या लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये निवृत्त जोडपी सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने स्वखर्चाने सेवेला जातात, असं त्याने सुट्टीत आल्यावर सांगितलं. विशीतली मुलं जातात तशी दारोदार फिरायची सक्ती त्यांच्यावर नसते. कुणी कार्यालय सांभाळतं, कुणी मदतकार्य बघतं, कुणी नुसतं तिथल्या लहान मंडळीला धीर देत राहतं. वेळापत्रकही सैल असतं. सरांचा पंथ वेगळा, मतं वेगळी. पण कल्पना त्यांच्या डोक्यात बसली. त्यांनी आपल्या पाळकांना (धर्मगुरूंना) विचारलं, पाळकांनी पंचांना. ठरलं असं: अठरा महिने, घरभाडं मंडळी देणार, बाकी खर्च दोघांच्या पेन्शनीतून.

गोवाच का, याला दोन कारणं होती. वास्कोत काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं नोकरीनिमित्त स्थिरावलेली आहेत आणि रविवारी एकाच्या घरी जमून मराठीत उपासना करतात. त्यांना कुणी वडीलधारं हवं होतं. दुसरं कारण बांबोळी. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सिंधुदुर्गातून पेशंट येतात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ या बाजूला दुखणं हाताबाहेर गेलं की ‘बांबोळीक न्हेवा’ हेच वाक्य ऐकू येतं. सोबत आलेली माणसं मराठी-मालवणी बोलणारी, बहुतेक जण पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवारात शिरलेले. कुठला कागद कुठे द्यायचा, बिगर-गोमंतकीयांना २०१८ पासून शुल्क लागतं ते कशाला किती, रात्री कोण थांबणार, हे समजावून सांगणारं कुणी भेटलं तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो.

(जाता जाता: या कॉलेजची मूळ वैद्यकीय शाळा पणजीत १८४२ साली निघाली, आणि नगरहून ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेही १८४२ सालीच. सरांना हा योगायोग फार आवडायचा. त्यांनी तो मला चार वेळा सांगितला.)

मी यात कशी आले? मी ख्रिस्ती नाही. फोंड्याची आहे, नोकरी सगळी वैद्यकीय समाजकार्यात झाली. पाळकांना गोव्यात एक स्थानिक माणूस हवं होतं, एका जुन्या सहकाऱ्याने माझं नाव सुचवलं. मी तीन अटी घातल्या आणि त्या त्यांनी मान्य केल्या: पत्रकं वाटायची नाहीत, कुणी मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, आणि कुणाच्या हातात रोख पैसे ठेवायचे नाहीत. निघण्यापूर्वी दोघांची मुलाखतही मीच घेतली. तिच्याकडे पुढे येते, कारण चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

मराठी बोलणारे ख्रिस्ती

सांताक्रुझला एका जुन्या घराचा खालचा मजला भाड्याने मिळाला. घरमालकीण कॅथलिक, सत्तरीची, एकटी. पोलीस ठाण्यात भाडेकरूंचा फॉर्म भरायला सर गेले, तेव्हा ‘येण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी ‘मिशन’ लिहिलं. समोरच्या हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कसलं मिशन?" सरांनी पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी हवालदारानेच तोडगा काढला: "निवृत्त शिक्षक, वास्तव्यासाठी, असं लिहूया."

हा गोंधळ त्या एका रकान्यापुरता नव्हता. गोव्यात मराठी म्हणजे देवळातलं भजन, उत्सवातलं नाटक, सकाळचं वर्तमानपत्र. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. पण घरातल्या व्यवहारात मराठी हिंदूंची, असंच कुणीही धरून चालतं. चर्चमधली मिसा कोकणीत, पुस्तकं रोमी लिपीत. अशा ठिकाणी नऊवारी वळणाचं शुद्ध मराठी बोलणारी, गळ्यात बारीक क्रूस असलेली बाई दारात उभी राहिली की समोरच्याचा हिशेब चुकतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने बोलणं ऐकून पहिल्याच आठवड्यात कुलदैवत विचारलं. घरमालकिणीने उलट्या बाजूने तेच केलं. प्रार्थना मराठीतून चाललेली तिने ऐकली, दारात मेरीमातेची तसबीर दिसली नाही, आणि ती सरळ म्हणाली, "तुमी बिलिव्हर मगो?"

गोव्यातल्या कॅथलिक घरात ‘बिलिव्हर’ हा शब्द कौतुकाने उच्चारत नाहीत. नव्या प्रार्थनागटांत गेलेल्या, सायबिणीपुढे (मेरीमातेपुढे) मेणबत्ती लावायचं सोडलेल्या माणसांना तो लावतात, आणि त्यावरून घरं दुभंगली आहेत.

सरांना या सगळ्यात मौज वाटायची. ते लगेच ख्रिस्तपुराण काढायचे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली राशोलला छापली गेली; तेव्हा मराठी आणि ख्रिस्ती यांची गाठ गोव्यातच पडली आहे, हे ते प्रत्येकाला सांगायचे. एका शनिवारी बाईंना घेऊन राशोलची सेमिनरी बाहेरून बघूनही आले. घरमालकिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरें." तिच्या शंकेवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

पण दारावर उभं राहून ही उत्तरं द्यायची कुणाला होती? सर सकाळी बाहेर पडायचे. घरी असायच्या बाई. पाववाल्याला, पाणीवाल्याला, कुलदैवतवाल्यांना आणि घरमालकिणीला त्याच तोंड द्यायच्या. बाईंनी मला नंतर सांगितलं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: "चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने इथे मराठीत लिहिलं म्हणे. माझ्याशी मराठीत दोन शब्द बोलायला इथे कोण आहे ते सांगा."

दोन तक्ते

फोननंतर मी गेले, पण लगेच मध्यस्थी केली नाही. दोघांना एकेक कोरा तक्ता दिला आणि एक आठवडा, तासातासाने, काय केलं ते लिहायला सांगितलं. एकमेकांचं बघायचं नाही. हे साधन मी रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांसाठी वापरत असे. सांगून कुणी कबूल करत नाही. लिहायला बसलं की कागद बोलतो.

सरांचा तक्ता वाचनीय होता. साडेपाचला उठणे, मनन. सहाला दोघांची प्रार्थना. साडेसातला नाश्ता. आठला बस, साडेआठ ते एक बांबोळी: सात जणांना मार्गदर्शन, तीन फॉर्म, एका आजोबांना रक्तपेढीपर्यंत सोबत. दोनला जेवण, विश्रांती. चारला अहवाल व फोन. साडेपाचला घरभेट किंवा पाहुणे. आठला जेवण. दहाला झोप.

बाईंच्या तक्त्यात पहिली नोंद पावणेपाचची होती. पाणी भरणे. मग दोन डबे: एक सरांचा, एक ‘त्या वॉर्डातल्या बाईचा’. सरांच्या तक्त्यात हा दुसरा डबा कुठेच नव्हता. विचारल्यावर ते म्हणाले, "हो, पथ्याचं लागतं कुणाकुणाला, आम्ही घरून पाठवतो." ‘आम्ही’ हा शब्द मी तेव्हाच खोडायला हवा होता. त्या आठवड्यात बाईंनी असे नऊ डबे केले होते, तिखट नसलेले, मऊ भाताचे. शिवाय संध्याकाळचे पाहुणे: वास्कोहून आलेलं कुटुंब, रात्री गाडी चुकलेले पेशंटचे भाऊ. सरांच्या तक्त्यात ‘पाहुणे, सहभागित्व’. बाईंच्या तक्त्यात ‘सहा माणसं, भात कमी पडला, पुन्हा लावला’.

आणि पाऊस. नगर शहरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. गोव्यात जून ते सप्टेंबर तीन हजारांच्या घरात. नगरची बाई ऊन गृहीत धरून घर चालवते. इथे कपडे तीन दिवस दोरीवर ओले, मिठाला पाणी, पापडांना बुरशी. बाजरी दळून देणारी गिरणी जवळपास नाही, म्हणून लेकीने ट्रॅव्हल्सच्या गाडीने पीठ पाठवलं. जुलैत त्याला जाळी धरली. बाजरीचं पीठ तसंही लवकर कडू होतं. बाईंनी ते सगळं परसात टाकलं आणि तक्त्यात लिहिलं: ‘पीठ टाकले. २ किलो.’ त्यापुढच्या दोन तासांच्या चौकटी कोऱ्या होत्या. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

गॅसचं तर आणखीच. नगरची जोडणी इथे चालवून घ्यायला पत्त्याचे कागद लागत होते, तोवर पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर. तो दोन माणसांना पुरतो. नऊ डबे आणि पाहुण्यांना पुरत नाही.

आठवड्याच्या शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सरांच्या तक्त्यात ‘सेवा’ हा शब्द रोज होता. बाईंच्या तक्त्यात एकदाही नाही.

काय म्हणाल्या बाई

घरमालकिणीच्या बागेतल्या बाकावर बसून बोललो. बाई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी मुद्दे काढून आणले होते, शिक्षिकेसारखे.

नगरला त्यांची संडे स्कूल होती, बावीस वर्षं. महिला मंडळाच्या त्या चिटणीस होत्या. वेशीपासून घरापर्यंत येताना दहा जणी थांबवून बोलायच्या. गोव्यात त्या सरांची पत्नी होत्या. बस. वास्कोत मुलांना शिकवायचं ठरलं होतं, पण ती मुलं आपसात हिंदी आणि इंग्रजी बोलतात. घरात मराठी समजतं, वाचता येत नाही. तीन रविवार प्रयत्न करून त्यांनी सोडलं. त्यानंतर त्यांच्याकडे काम उरलं ते स्वयंपाकघरातलं. "स्वयंपाक मी चाळीस वर्षं केला, त्याची तक्रार नाही. पण तो करायला देवाने मला एवढ्या लांब बोलावलं, हे मला पटत नाही."

मग हसून म्हणाल्या, "टिळकांनी तरी लक्ष्मीबाईंना कुठे विचारलं होतं?"

नगरकडच्या ख्रिस्ती घरात हा टोला कुणालाही समजतो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला बाजूला ठेवून. लक्ष्मीबाई पुढे पाच वर्षांनी, आपल्या बुद्धीने, आपल्या वेळी ख्रिस्ती झाल्या. बाईंना मी विचारलं, "तुम्हाला सरांनी विचारलं नव्हतं?" त्या म्हणाल्या, "विचारलं ना. जाऊया ना, असं विचारलं."

इथे माझी चूक सांगायला हवी. निघण्यापूर्वीची मुलाखत मी दोघांची एकत्र घेतली होती. पाऊण तास सर बोलले, बाई मान हलवत होत्या, मध्ये उठून त्यांनी चहा केला. मी फॉर्मवर लिहिलं: ‘दांपत्य उत्साही, प्रकृती ठीक, परस्पर समजूत उत्तम.’ फॉर्ममध्ये दांपत्यासाठी एकच ओळ होती आणि मला त्यात काही खटकलं नाही. पेशंटची मुलाखत नवऱ्यासमोर घ्यायची नाही, हे मी तीस वर्षं नव्या मुलींना शिकवलं. इथे पेशंट नव्हता, देवकार्य होतं, म्हणून मी विसरले.

सरांना सांगणं अवघड गेलं. ते आधी गप्प झाले, मग आतून मंडळीचं पत्र घेऊन आले. "हे बघा, पत्र दोघांच्या नावाने आहे." बाई म्हणाल्या, "हो, पाकीट दोघांच्या नावाने आहे." दुसऱ्या दिवशी सर डबा न घेता बांबोळीला गेले आणि तिसऱ्याही दिवशी. रागाने, की डब्याचा भार कमी करायला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. वाईट माणूस नव्हे. नगरच्या घरात सून होती, कामाला बाई होती, पीठ टिकत होतं, बोलायला माणसं होती. तिथे हा हिशेब कधी दिसायचं कारणच नव्हतं.

मंगळवार आणि गुरुवार

बदल मोठे नव्हते. दुसरा डबा बंद झाला. सरांना ‘बघतो’ ऐवजी ‘नाही जमणार’ म्हणायला शिकावं लागलं, आणि ६७ व्या वर्षी ते जड जातं. सकाळचा नाश्ता पोदेराच्या (पाववाल्याच्या) हवाली: सायकलचा भोंगा वाजला की सर स्वतः जाऊन पोळी आणि उंडे घ्यायचे, चहा करायचे. (गोव्यात पोळी म्हणजे कोंड्याचा पाव. पहिल्या दिवशी ऐकून बाईंना वाटलं, कुणीतरी चपात्या विकतंय.) पाहुणे शनिवारीच. सोमवार-बुधवारचं दुपारचं जेवण गल्लीतल्या एका घरगुती खानावळीतून.

खरा बदल मंगळवार-गुरुवारचा. हे दोन दिवस बांबोळीला बाई जाणार आणि सर घरी. ही अट माझी नव्हती, बाईंची होती. नगरला परत जाणं त्यांनी दोन महिने पुढे ढकललं, ‘मग बघू’ म्हणून.

सरांचा पुढच्या महिन्याचा अहवाल मी जपून ठेवला आहे. त्यात मधेच एक ओळ आहे: ‘मंगळवार. उकड्या तांदळाची पेज केली. करपली.’ नगरच्या मंडळीत ती वाचून दाखवली की गाळली, हे मी विचारलं नाही.

बाई बांबोळीला गेल्या त्या एक कापडी पिशवी घेऊन. सर तिथे टेबल मांडल्यासारखे उभे राहायचे, लोक प्रश्न घेऊन यायचे, बहुतेक पुरुष. बाई आवारातल्या झाडाखाली बायकांच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि "जेवलीस का?" एवढंच विचारायच्या. दोडामार्गकडची एक सासू, सून आत, तान्हं पोर हिच्या मांडीवर, ती तासाभराने म्हणाली, "बाय, ह्या कागदार काय लिवचा?" कागद तिच्याकडे सकाळपासून होता. पुरुषाला विचारायची लाज वाटत होती. बाईंनी भरून दिला. मग तिने विचारलं सावंतवाडीची शेवटची गाडी किती वाजता. बाईंना ठाऊक नव्हतं. पुढच्या मंगळवारी जाताना त्या बसस्थानकावर चौकशी करून वेळा वहीत उतरवून गेल्या, आणि महिन्याभरात त्या त्यांना तोंडपाठ झाल्या.

पिशवीत काय असावं हेही त्या बायकांनीच ठरवलं. सुरुवातीला बिस्किटं. मग सेफ्टी पिना, खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, सॅनिटरी पॅड, दोन वेगवेगळ्या टोकांचे मोबाइल चार्जर, कोरे कागद, पेन. सरांच्या पाच महिन्यांच्या नोंदींत यातली एकही वस्तू नव्हती. त्यांच्याकडे कुणी कंगवा मागितला नसता.

एक प्रसंग मात्र गंभीर होऊ शकला असता. ऑक्टोबरात एका मुलाने मोबाइलचा कॅमेरा सुरू करून विचारलं, "काय वाटताय इथे? धर्माची पुस्तकं?" बाईंनी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. मग विचारलं, "तुझं कोण आहे आत?" वडील होते. कॅमेरा खाली गेला. एवढ्यावर भागलं म्हणून मी खूश झाले नाही. दुसरा मुलगा थांबला नसता, आणि अर्धं चित्रण फिरायला एक संध्याकाळ पुरते. त्या दिवसापासून नियम कडक केला: आवारात प्रार्थना नाहीच, कुणी मागितली तरी नाही. बाईंनी त्यावर वाट काढली. महामार्गाच्या कडेला फुलांचा खुरीस (क्रूस) आहे, सगळ्या धर्मांची माणसं तिथे फुलं घेऊन थांबतात. ज्याला प्रार्थना हवी त्याला बाई तिथे यायला सांगायच्या. सरांना खुरसापुढे फुलं वाहणं मान्य नव्हतं, त्यांच्या पंथात ते बसत नाही. "तुम्ही वाहू नका," बाई म्हणाल्या, "मीही वाहत नाही. उभं राहायला काय जातं?" यावर त्यांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

राहिलेलं वर्ष

नोव्हेंबरात दोघांच्या हयातीच्या दाखल्याची वेळ आली. नगरच्या कोषागारात जायची गरज पडली नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. सरांचा चेहरा पहिल्या झटक्यात ओळखला. बाईंचा चार वेळा नाकारला. शेवटी घरमालकिणीने त्यांना हाताला धरून तिच्या बाल्कांवांवर (ओसरीवर) उजेडात बसवलं, तेव्हा घेतला. "पळय, आतां तूं जिती," ती म्हणाली. तिचं आणि बाईंचं जमायला लागलं ते त्या सुमारास.

मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे लदीन (गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना) झाली, तिने दोघांना बोलावलं. सर विचारात पडले, घरीच बसले. बाई गेल्या, मागे उभ्या राहिल्या, उकडलेले चणे घेतले, पेला नाकारला आणि परत आल्या. "गाणं छान होतं, समजलं थोडंसं," एवढंच त्यांनी सरांना सांगितलं.

वास्कोची संडे स्कूल काही उभी राहिली नाही. तो भाग या प्रकरणात अपयशाचाच धरावा. मुलांना कुठल्या भाषेत शिकवायचं हे आधी तिथल्या आईबापांना विचारायला हवं होतं, आणि ते कुणी विचारलं नव्हतं, मी धरून. सरांनाही मंगळवार-गुरुवार घरी बसणं शेवटपर्यंत रुचलं नाही. पेज जमू लागली, पण मला फोन करून ते विचारायचे, "ताई, आज तिकडे गर्दी असेल का हो?" मी म्हणायची, माहीत नाही.

अठरा महिने पुरे झाले. ऑक्टोबरपासून अहवाल दोन कागदांवर येत होता, दोन अक्षरांत. मंडळीतून निरोप आला की एकत्र करून पाठवा, वाचायला सोपं पडेल. बाईंनी कळवलं की नाही करणार. पाठवण्याच्या फॉर्ममध्ये आता दोन ओळी आहेत आणि मुलाखती वेगवेगळ्या होतात. दुसरी मुलाखत मी घेते ती चहा बाहेरून मागवून.

निघायच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. घरमालकीण दारात बसली होती, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. एकेक वस्तू काढून बघत होती: पिना, तेल, चार्जर. मंगळवारी आपण जाऊन बघू म्हणत होती. मग तिने बाईंकडे बघून विचारलं, "हें करूंक बिलिव्हर जावंक पडटा?"

"नाही," बाई म्हणाल्या, "सावंतवाडीच्या गाड्यांच्या वेळा पाठ लागतात." आणि वहीचं ते पान फाडून तिच्या हातात दिलं.